मंडईजवळच्या जुन्या लॉजची दुरुस्ती : प्रकल्प नोंदी

३० ऑक्टोबर : पहिली पाहणी

तळमजला अधिक तीन मजले. क्रॉफर्ड मार्केटपासून हाकेच्या अंतरावर. रस्त्याला ३८ फूट, आत ७२ फूट, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांशी सामाईक भिंती, मागे पाच फुटांची हाउसगल्ली (सफाईसाठी इमारतींच्या मागे सोडलेली अरुंद गल्ली). तळाला चार गाळे, मधून चार फुटांचा बोळ आणि बोळाच्या टोकाला जिना. पहिल्या मजल्यावर गल्ला, जेवणाची लांब खोली आणि काही खोल्या. दुसरा मजला पूर्ण खोल्यांचा. तिसऱ्याच्या मागच्या भागात थेट कौलांखाली स्वयंपाकघर, म्हणजे धूर वरच्या वर जातो आणि फोडणीचा वास खोल्यांत उतरत नाही.

बाजारपेठेतल्या लॉजचा हा ठरलेला नकाशा. रस्त्यालगतची जागा दुकानांना, कारण भाडं तिथेच मिळतं. पाहुण्याने वर चढायचं. मंडई १८६९ ची, विल्यम इमर्सनच्या आराखड्यावर बांधलेली. तिच्या आणि बोरीबंदरच्या आधाराने माल घेऊन येणाऱ्यांची, कोर्टाच्या तारखेला येणाऱ्यांची वस्ती वाढली आणि अशा इमारती उभ्या राहिल्या. ताज (१९०३, आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, काम पुरं केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी) किंवा काळा घोड्याचं वॉटसन हॉटेल डोळ्यापुढे ठेवून इथे आलं तर काहीच हाती लागत नाही. वॉटसनचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून जहाजाने आणला होता. इथे सागवान, वीट, चुना आणि मालाडचा दगड, एवढंच. जवळचा नातेवाईक शोधायचा तर सरदारगृह, जिथे लोकमान्यांचं १ ऑगस्ट १९२० रोजी निधन झालं. ही इमारत त्याच जातीची, अंगाने धाकटी.

रचना थोडक्यात: जोतं आणि तळमजल्याचे दर्शनी खांब मालाड दगडाचे. वर सागवानी खांब (१० × १० इंच), तुळया (९ × १२ इंच), त्यांवर ३ × ६ इंचांच्या कड्या दीड फुटावर, वर सव्वा इंची फळ्या. खांबांमध्ये विटांची भरण. म्हणजे वरच्या मजल्यांवरची आतली भिंत वजन उचलत नाही, नुसती जागा भरते. पुढची सगळी कामं या एका गोष्टीवर बेतायची आहेत. विटेला तडा दिसला की घाबरायचं कारण नाही. खांब किंवा तुळईने जागा सोडली का, ते बघायचं.

४ नोव्हेंबर : मोजमाप

ओळंबा दर्शनी बाजूला तीन ठिकाणी सोडला. तिसऱ्या मजल्यापासून जोत्यापर्यंत ३८ मिमी बाहेर कल, सगळ्या मजल्यांवर सारखा वाटलेला. या उंचीला आणि वयाला हा कल खपवून घेण्यासारखा आहे. तरी दोन तड्यांवर काचपट्ट्या चुन्याने बसवल्या. पट्टी फुटली तर हालचाल चालू आहे असं समजायचं.

आतला चौक १० × १६ फूट, भोवतालची उंची ४४ फूट. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या (शहर सुधारायला नेमलेलं मंडळ) योजनांमध्ये उजेडासाठी ६३½ अंशांचा नियम होता. साध्या हिशोबात, भिंत समोरच्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा उंच नको. त्या मापाने इथे २२ फुटांचा चौक लागला असता. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, ट्रस्ट आला. आखीव प्लॉटांवरच्या इमारती नकाशात लगेच ओळखू येतात. ही त्यांतली नाही. म्हणून पहिल्या मजल्यावरच्या चौकाकडच्या खोल्यांना दुपारीही दिवा लागतो. ते आपण बदलू शकत नाही. चौकावर कुणीतरी टाकलेला प्लॅस्टिकचा पत्रा मात्र काढायचा, वारा त्यानेच कोंडलाय.

फरशीची पातळी पाण्याच्या नळीने घेतली. खोल्यांमध्ये १० ते २० मिमी फरक, किरकोळ. मागच्या सज्जात चित्र वेगळं: दुसऱ्या मजल्याचं बाहेरचं टोक ६५ मिमी खाली, पहिल्याचं ४८, तिसऱ्याचं ४०.

२० नोव्हेंबर : लाकडाची तपासणी

दिवाळीनंतर काम सुरू. तुळयांचे ५२ आधार तपासले. पद्धत जुनीच: लाकडी हातोडीने ठोकायचं. खणखणीत आवाज आला की पुढे. भद्द आला की टोच्या घालून बघायचा. टोच्या अर्ध्या इंचाहून सहज आत गेला तर ६ मिमीच्या बारीक ड्रिलने आरपार भोक पाडून भुसा तपासायचा. तपकिरी, ओलसर, चुरचुरीत भुसा म्हणजे कूज. पिवळसर, तेलकट, लांब तंतूंचा म्हणजे सागवान जिवंत आहे. सोबत ओलाव्याचं मीटर. २० टक्क्यांच्या वर लाकूड सतत राहिलं की बुरशीला आमंत्रण.

५२ पैकी १७ खराब. त्यांतले १३ मागच्या सज्जात, तिथल्या १५ तुळयांपैकी. तीन सामाईक भिंतीत, छपराच्या व्हॅलीच्या (दोन उतार मिळतात ती घळ) बरोबर खाली. एक दर्शनी बाजूला, फुटलेल्या पाइपाजवळ.

मागच्या दोन धडधाकट तुळया कुठल्या, हे बघण्यासारखं आहे. दोन्ही चादरी-गाद्यांच्या कोठीखालच्या. त्या खोलीला मोरी नाही. बाकी सगळ्या मोऱ्या आणि संडासांखालच्या.

वाळवी आहे, पण ती मागून आलेली. लाकूड आधी भिजलं, मग ती शिरली. नुसती फवारणी करून ओल तशीच ठेवली तर दोन पावसाळ्यांत पुन्हा येईल. स्वयंपाकघरावरचे वासे धुराने काळे कुळकुळीत झालेत, पण एकालाही टोच्या लागला नाही. ते घासून ‘स्वच्छ’ करायची सूचना आली आहे. करू नये.

२४ नोव्हेंबर : मोरीचं वजन

एक मोरी उघडून थर मोजले. खालून वर: सागवानी फळ्या, ४ इंच विटांच्या तुकड्यांचा कोबा, शहाबादी, सिमेंटचा थर, पुन्हा कोबा, त्यावर चकचकीत टाइल. एकूण साडेनऊ इंच. गळती झाली की जुनं न उखडता वरून नवा थर, असं दर काही वर्षांनी झालेलं दिसतं.

हिशोब असा. मोरी १.२ × १.५ मीटर, म्हणजे १.८ चौ.मी. २४० मिमी जाडी, घनमीटरला २,००० किलो धरले तर चौरस मीटरला ४८० किलो. एका मोरीला सुमारे ८६० किलो. भोवती साडेचार इंची विटेची भिंत, गिलाव्यासकट चौरस मीटरला २५० किलो. तीन मीटर लांब आणि २.१ मीटर उंच धरली तर आणखी १,५७५. एकूण जवळजवळ २,४०० किलो, आणि तेही भिंतीबाहेर साडेचार फूट अधांतरी निघालेल्या तुळयांवर. माणसांनी उभं राहायला, धोतरं वाळत घालायला केलेला सज्जा तो. चौरस मीटरला ३०० किलो धरले तरी त्याच जागेला ५४० किलो होतात. अशा मोऱ्या-संडास एकूण अकरा.

मग मूळ संडास कुठे होते? उत्तर हाउसगल्लीत सापडलं. ईशान्येच्या कोपऱ्यात गल्लीला लागून वर जाणारं दगडी-विटांचं चौकोनी बांधकाम आहे, आतून ६ × ९ फूट, तळाला गल्लीच्या बाजूने बुजवलेल्या तीन छोट्या कमानी. टोपलीच्या संडासांची ही रचना. सफाई कामगार गल्लीतून येऊन टोपल्या काढत, आत यायचं त्यांना काम नव्हतं. प्रत्येक मजल्यावर त्या बुरुजाच्या अंगाला मोरी होती. दगडी पन्हळीच्या खुणा अजून आहेत. म्हणजे बांधणाऱ्याने पाणी सगळं दगडावर ठेवलं होतं आणि लाकडावर फक्त माणसं. पुढे ‘प्रत्येक खोलीला स्वतंत्र बाथरूम’ आलं, बुरुज भंगाराची कोठी झाला आणि पाणी लाकडावर सरकलं.

आराखड्याची दिशा यावरून ठरली: सज्जा रिकामा करायचा, ओल्या जागा परत बुरुजाकडे न्यायच्या.

१ डिसेंबर : परवानग्या

इमारत १ सप्टेंबर १९४० पूर्वीची, म्हणून उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणारी) ‘अ’ वर्ग. वारसा यादीत श्रेणी ३. या श्रेणीत आतल्या बदलांना बरीच मुभा असते. तरी दर्शनी बाजूचं एकही माप बदलायचं नाही, असं आपल्या बाजूने लिहून दिलं. गाळेवाल्यांशी बोलणी: तोडफोड सकाळी सात ते दहा, त्यानंतर फक्त सुतारकाम. राडारोडा बोळातून न आणता चौकातून पिशव्यांनी उतरवायचा.

९ डिसेंबर : टेकू

मागच्या सज्जाला तिन्ही मजल्यांवर टेकू, एकाखाली एक, ओळंब्यात. हे सांगायला सोपं आणि साइटवर हमखास चुकणारं काम. दुसऱ्या मजल्याचा टेकू पहिल्याच्या फळीवर ठेवला आणि खाली काही नसलं, तर कुजक्या तुळईचं वजन दुसऱ्या कुजक्या तुळईवर दिलं, एवढंच होतं. वजन जमिनीपर्यंत गेलं पाहिजे.

एका रेषेत तीन मजल्यांचे मिळून सात-साडेसात टन तळाला येतात. ॲक्रो जॅक (लांबी कमी-जास्त करता येणारा लोखंडी टेकू) पूर्ण उघडलेला असताना त्याच्यावर दीड-दोन टनांहून जास्त भरवसा ठेवू नये. म्हणून तळाला प्रत्येक रेषेखाली चार पायांचा लोखंडी मनोरा, आडव्या-तिरप्या बांधणीसकट. खाली गटाराची चेंबरं आहेत. त्यांच्या झाकणांवर पाय येऊ दिले नाहीत, जुने रेल्वे स्लीपर आडवे टाकून वजन दोन्हीकडे पसरवलं.

जॅक फिरवायचा तो तुळईला हात लागेपर्यंत, मग आणखी पाव फेरा. बस. तुळई सरळ करण्याचा मोह इथेच होतो. पाऊणशे-शंभर वर्षं वाकलेलं लाकूड एका सकाळी उचललं तर कूस (सांध्यात बसणारी लाकडाची जीभ) तुटते, वरची विटांची भरण फुटते.

१८ डिसेंबर : सज्जा हलका करणं

ब्रेकर मशीन बंद. छिन्नी-हातोडा फक्त. क्रम: तिसरा मजला आधी, मग दुसरा, मग पहिला. प्रत्येक मजल्यावर एक सोडून एक मोरी, म्हणजे सज्जा एका बाजूने एकदम हलका होत नाही. भिंती आधी, फरशी नंतर. पाण्याच्या लाइन बंद करून मोकळ्या केल्याशिवाय पहिला घाव नाही.

निघालेला माल दिवसाच्या दिवस खाली. कोबा फोडून सज्जातच ढीग लावला तर वजन कमी होत नाही, नुसतं एका जागी गोळा होतं.

वजन गेल्यावर दुसऱ्या मजल्याचं टोक आपोआप २१ मिमी वर आलं. बाकीचे ४४ मिमी लाकडाला लागलेलं कायमचं वळण. ते तसंच ठेवायचं. नवी फळी बसवताना खाली पाचरी घालून फरशी समतल करता येते.

६ जानेवारी : तुळया

दोन वेगळे आजार, दोन वेगळे इलाज.

सामाईक भिंतीतली तीन आणि दर्शनी बाजूचं एक, अशी चार टोकं. इथे फक्त भिंतीत बसलेला भाग कुजला आहे. तुळईचा वाक मधोमध सर्वांत जास्त, टोकाला कमी. म्हणून टोकाशी सांधा चालतो. कुजलेला भाग कापून, निरोगी लाकूड लागल्यावर आणखी सहा इंच आत जाऊन, जुन्या सागवानाचा तुकडा अर्ध्या-अर्ध्या जाडीच्या लांब सांध्याने जोडला. सांध्याची लांबी ३ फूट, म्हणजे तुळईच्या उंचीच्या तिप्पट. दोन्ही अंगांना १० मिमीची स्टेनलेस पट्टी, १२ मिमीचे बोल्ट नागमोडी ओळीत. एका सरळ रेषेत बोल्ट घातले तर लाकूड त्याच रेषेत चिरतं. टोक भिंतीत सहा इंच, खाली दगडी पाटा, आणि बाजूंना व डोक्यावर २० मिमी मोकळी जागा. गवंडी ती जागा प्रेमाने मसाल्याने भरून टाकतात. भरू देऊ नये. टोकाला वारा हवा.

मागच्या सज्जातल्या तेरा तुळयांचं तसं नाही. तिथे कूज भिंतीतून बाहेर पडतानाच्या जागी, सज्जाच्या मुळाशी आहे, आणि अधांतरी तुळईचा सगळा वाक नेमका तिथेच असतो. तिथे लाकडाचा सांधा घालणं म्हणजे जिथे जोर तिथेच तुकडा. चार तुळया पूर्ण बदलल्या. नऊ तुळयांमध्ये कूज वरच्या अंगाला दीड-दोन इंचच होती. ती तासून काढली, लाकूड १५ टक्क्यांपर्यंत वाळू दिलं, बोरॅक्स-बोरिकचं पाणी तीनदा पाजलं आणि दोन्ही बाजूंनी २०० मिमीचे जस्ताचा मुलामा दिलेले सी-चॅनल बसवले, टोकापासून भिंतीच्या आत सात फुटांपर्यंत. बाहेर साडेचार फूट, तर आत त्याच्या दीडपट तरी धरण हवी. मागचं टोक उचललं जाऊ नये म्हणून तिथे खांबाला पट्टीने बांधलं. हे बहुतेक जण विसरतात: सज्जा पुढे झुकतो तेव्हा तुळईची शेपटी वर उठते.

चॅनल दिसतात. दिसू दे. खालून फळी ठोकून झाकायला मालक तयार होते, पण झाकलं की पुढची ओल कुणाला दिसणार?

जुनं सागवान पाडकामाच्या बाजारातून घेतलं. घेताना खिळ्यांची भोकं, कुशीच्या खाचा आणि भुंग्याचं पीठ बघायचं. घनफुटाचा भाव रंधा मारल्यानंतरच्या मापाचा ठरवायचा. वरचा पाव इंच चारी बाजूंनी जातोच.

१९ जानेवारी : बोळावरच्या कमानी

बोळाच्या डोक्यावर लाकूड नाही, लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामध्ये विटांच्या चपट्या कमानी. एका गर्डरवर ‘डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो’ असा ठसा. गर्डरच्या खालच्या पट्टीला पापुद्रे सुटलेत. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो, म्हणून कमानीची पायाची वीट खाली ढकलली गेली.

पापुद्रे काढून जाडी मोजली: मूळ १४ मिमी असावी, उरली ११ ते १२. एका जागी ८. तिथे खालून पट्टी जोडायची, बोल्टने. वेल्डिंग नको, इतक्या जुन्या पोलादाचं नेमकं मिश्रण तपासल्याशिवाय वेल्ड धरेल की तडकेल ते सांगता येत नाही, आणि वर सुकलेलं लाकूड आहे. तार-ब्रशने धातू उघडा करून त्याच दिवशी झिंक प्रायमर. मुंबईच्या हवेत घासलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी पुन्हा तांबूस.

२ फेब्रुवारी : चुना

भिंतींवरचा निम्म्याहून जास्त गिलावा सिमेंटचा निघाला. सगळा उतरवायचा. सिमेंटखाली वीट ओली राहते, पाणी बाहेर पडायला वाट शोधत वर चढतं आणि सिमेंटची कड संपते तिथे लोणा (पांढरे क्षार) फुटतो. तळमजल्याला तीन फूट उंचीवर पांढरी रेघ आहे, कारण सिमेंट तीन फुटांपर्यंतच होतं.

चुन्याच्या कळ्या टाकीत विरवून, गाळून, पाण्याखाली मुरत ठेवल्याला तीन आठवडे झाले. लोण्यासारखा झालाय, थापीला चिकटून राहतो आणि थापी उलटी केली तरी पडत नाही. प्रमाण: चुना १, सुर्खी (विटांची पूड) १, वाळू २. सुर्खी कमी भाजलेल्या विटांची घ्यायची. काळपट, खंगर झालेल्या विटांची पूड चुन्याशी नीट मिळत नाही, नुसता रंग देते. बाजारात ‘सुर्खी’ म्हणून बांधकामाचा राडारोडा दळून देतात. त्यात सिमेंट असतं. पोतं उघडून चिमूटभर पूड हातात घासायची. राखाडी झाक दिसली तर परत.

गूळ-हिरड्याचं पाणी घालायचं की नाही यावर साइटवर नेहमीच वाद होतो. थोड्या प्रमाणात मसाला मऊ खेळतो, वाळायला वेळ घेतो. उन्हाळ्यात ते बरं. जास्त गुळाने मुंग्या आणि चिकटपणा, याखेरीज काही मिळत नाही. इथे फक्त दर्शनी भिंतीला वापरलं.

थर १२ मिमीच्या वर नाही. दोन थरांमध्ये आठ-दहा दिवस, मधल्या काळात गोणपाट ओलं. भिंत आदल्या संध्याकाळी भिजवायची. घाईने जाड थर मारला की वरून साल धरते, आतला चुना कच्चा राहतो आणि पहिल्या पावसात पापडासारखा सुटतो. कंत्राटदाराच्या वेळापत्रकात चुन्याच्या कामाला आठवडे दिसले पाहिजेत. दिवस दिसले तर ते वेळापत्रक सिमेंटचं आहे.

लोणा असलेल्या भिंतीला लगेच गिलावा केला नाही. कागदाचा लगदा आणि माती मिसळून भिजवून लेप दिला, वाळल्यावर उतरवला, पुन्हा दिला. क्षार लेपात ओढले जातात. तिसऱ्या लेपावर पांढरं फारसं आलं नाही.

१६ फेब्रुवारी : दर्शनी बाजू

सज्जाखालचे बिडाचे ब्रॅकेट २४. रंगाचे थर इतके की वेलबुट्टीची पानं बोटासारखी गोल झालेली. रंग रासायनिक लेपाने काढला. सँडब्लास्टिंग नको, आणि ब्लो-लॅम्पही नको. बीड एका जागी तापलं की तडकतं. मुळातला रंग गडद हिरवा.

तीन ब्रॅकेट तडकलेले. मागे कुणी वेल्ड केलं होतं, तडा वेल्डच्या शेजारून पुन्हा गेलाय. बिडाला हेच होतं. दोन अंगांनी पोलादी पट्टी बसवून बोल्ट केले. एक पूर्ण गहाळ होता. शेजारच्याच्या मापावरून लाकडी नमुना करून ओतून घेतला. ओतीव बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. थेट जुन्या ब्रॅकेटचाच साचा घेतला तर नवा लहान येतो आणि बोल्टची भोकं जुळत नाहीत.

झडपांच्या खिडक्या २८. पट्ट्या बदलल्या, चौकटी जुन्याच. बिजागऱ्या पितळी निघाल्या, रंगाखाली.

कोपऱ्यात पिंपळ. ओढून काढायचा नाही. मूळ दगडाच्या सांध्यात दोन फूट गेलेलं असतं आणि ओढलं की दगडच बाहेर येतो. खोड कापून, भोकं पाडून तणनाशक भरलं आणि वर प्लॅस्टिक बांधलं. मूळ मेल्यावर सांधा चुन्याने भरायचा.

४ मार्च : नवा बुरुज

जुन्या संडासांच्या बांधकामाचा आतला भाग मोकळा केला. दगडी भिंत २२ इंच, चांगली. पायाजवळ खड्डा घेऊन पाहिलं: साडेचार फुटांवर मुरूम. आत स्वतंत्र पोलादी चौकट, स्वतःच्या पायावर. जुन्या दगडाला फक्त मजल्यागणिक बांधलेली. प्रत्येक मजल्यावर तीन बाथरूम, लागूनच चौकाकडच्या वीटकामाच्या खणात आणखी एक. खोल्यांची संख्या त्यामुळे दोनने घटली. मालकांशी सर्वांत लांब बोलणं यावरच झालं.

विभागणीच्या भिंती सिमेंट-बोर्डाच्या, चौरस मीटरला सुमारे ४० किलो. विटेच्या सहाव्या हिश्श्याहून कमी. वॉटरप्रूफिंगचा पडदा भिंतीवर ३०० मिमी चढवला, न्हाणी ट्रॅपच्या (फरशीतलं पाणी जायचं तोंड) आत वळवला. मग ४८ तास पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या मजल्यावर एक ट्रॅप पाझरला, रबरी कडी उलटी बसली होती. टाइल लावण्याआधी कळलं म्हणून अर्ध्या तासाचं काम. नंतर कळलं असतं तर सगळं उखडावं लागलं असतं.

सगळे पाइप उघडे, भिंतीपासून दोन इंच बाहेर. गच्चीवरची हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन. तीही तुळयांवरून उचलून या चौकटीच्या डोक्यावर नेली.

२२ मार्च

शिमग्याला सुतार कोकणात. लाकडाचं काम बंद. दरम्यान वायरिंग: जुन्या लाकडी पट्ट्यांमधली कापडी वेष्टणाची वायर सगळी काढली. वातानुकूलन यंत्रांसाठी वेगळी लाइन आणि स्वतंत्र अर्थिंग. त्यांचे बाहेरचे भाग सज्जावर ठेवायचे नाहीत, हे लेखी.

८ एप्रिल : छप्पर

मंगलोरी कौलं उतरवली. निवडताना प्रत्येक कौल ठोकून बघितलं आणि पाण्यात बुडवलं. सत्तर टक्के परत वापरता आली. चौरस मीटरला सोळाच्या आसपास लागतात, कोरडं वजन साधारण ४० किलो. नवी कौलं एकाच उतारावर, जुनी दुसऱ्यावर. मिसळली तर खाचा जुळत नाहीत, कारण वेगवेगळ्या कारखान्यांच्या साच्यांत दोन-तीन मिमीचा फरक असतो. रिपांचं अंतर म्हणून पुस्तकातून न घेता हातातलं कौल लावून ठरवलं, ३१८ मिमी.

सामाईक भिंतीलगतच्या व्हॅलीत पत्रा नऊ इंच रुंद होता. पंधरा केला, दोन्ही कडा कौलांखाली सहा इंच. भिंतीत तुळया कुजल्या त्या या नऊ इंचांमुळे. आढ्यावरची कौलं चुन्यातच बसवली. सिमेंटमध्ये बसवलेली पुढच्या दुरुस्तीत अखंड निघत नाहीत.

२५ मे : पावसाआधी

मागच्या उताराचं क्षेत्र १३० चौ.मी., खाली उतरणारा पाइप एक, चार इंची. तासाला १०० मिमी पावसाला असा पाइप ४०-४५ चौ.मी. छपराला पुरतो. म्हणजे तीन हवेत. उरलेलं पाणी आजवर पन्हळीवरून उलटून सज्जावर पडत होतं. मोऱ्यांच्या गळतीत भर याचीच. दोन नवे पाइप टाकले, पन्हळीला शंभराला एकचा उतार, प्रत्येक तोंडाला जाळी. जाळी घुमटाकार. सपाट जाळीवर एक पान बसलं की पाइप बंद.

जिन्याच्या झिजलेल्या पायऱ्यांवर नवी नाकं बसवली. हाउसगल्ली साफ करून घेतली.

९ जुलै : पावसातली तपासणी

ओलाव्याचं मीटर, सज्जाच्या मुळाशी: पंधरापैकी चौदा तुळयांमध्ये १४ ते १८ टक्के. एकीत २२. त्या तुळईच्या वर तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी कुंड्या मांडल्यात. हलवायला सांगितलं.

सामाईक भिंतीतलं मधलं टोक १९. व्हॅली कोरडी आहे, ओल शेजारच्या इमारतीच्या बाजूने येते. त्यांच्या गच्चीवर पाणी साठलेलं दिसतं. त्यांच्या सोसायटीला पत्र दिलं, फोटोसह.

काचपट्ट्या शाबूत. दर्शनी गिलाव्याला डाव्या कोपऱ्यात केसासारख्या बारीक चिरा, एका हाताच्या क्षेत्रात. तिथे दुपारचं ऊन थेट होतं, गोणपाट लवकर वाळलं असणार. आता काही करायचं नाही. ऑक्टोबरमध्ये चुन्याच्या निवळीचे हात द्यायचे, मग रंग.

बाकी: पिंपळाचं मूळ पुन्हा पाहणं, मागच्या जिन्याचा कठडा, बोळातल्या आठ मिमीच्या गर्डरची जाडी पुन्हा मोजणं. टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप अजून मोकळा लोंबतोय. तो या आठवड्यात पन्हळीत सोडायचा, नाहीतर सज्जावर येईल.